गडगा घालायला शिकणं आणि करून दाखवणं

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका घराभोवतीचा जांभ्या दगडांचा जुना गडगा (दगडांची कुंपणभिंत), लांबी साधारण ६० फूट, गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी कोसळला. माती, चुना, सिमेंट यांतलं काहीही न वापरता तो पुन्हा घालायला स्वतः शिकता येईल का? आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्यांना आणि वाडीतल्या मुलांना दोन दिवस हे काम करून दाखवायचं झालं, तर ते कसं बसवावं?

शिकता येतं. चार फूट उंचीपर्यंतचा, दोन्ही बाजूंनी मोकळा गडगा हे नवख्याने हाती घ्यावं असंच काम आहे. पण एक गोष्ट आधी मनात पक्की हवी, कारण शिकणं आणि शिकवणं दोन्ही तिच्यावरच उभं आहे. गडग्याचं बळ त्याच्या पोटात असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात ते दगडांचे चेहरे. भिंत पावसाळे काढते ती दगडांची आत गेलेली लांबी आणि मधल्या फटींत हाताने बसवलेली भरती यांच्या जोरावर. चांगल्या आणि वाईट गडग्याचा फोटो पहिल्या दिवशी सारखाच येतो. म्हणूनच नुसते व्हिडिओ बघून शिकलेल्यांचं दर्शनी काम सुबक दिसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसात भिंत पोट काढते.

तेव्हा पहिला धडा उकलण्याचा. ब्रिटनमध्ये १९६८मध्ये स्थापन झालेली ड्राय स्टोन वॉलिंग असोसिएशन ही संस्था या कामाचं प्रशिक्षण देते आणि परीक्षा घेते. तिथेही उमेदवाराला एक भाग उकलून तोच पुन्हा उभा करायला सांगतात. यामागचं कारण साधं आहे. पडलेली भिंत उकलताना आत काय चुकलं ते एकेका थराने समोर येतं, आणि हे दुसरीकडे कुठेच बघायला मिळत नाही.

ढिगाऱ्याला हात लावण्याआधी अर्धा तास नुसतं बघा. एकाच बाजूचं तोंड सालासारखं सुटून खाली आलं असेल आणि दुसरं उभं असेल, तर त्या भिंतीला आरपार दगड नव्हते. दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. पडलेल्या भागाच्या वरच्या अंगाला गाळ साठलेला दिसला तर पाणी अडलं होतं आणि त्याला जायला वाट नव्हती. तळाचे दगड पुढे कलले असतील तर पाया भुसभुशीत मातीवर होता किंवा वाहत्या पाण्याने तो उकरला गेला. उभ्या राहिलेल्या टोकाला वरून खालपर्यंत सांधे एकाखाली एक आलेले दिसले तर भिंत तिथेच फाटणार होती. पिंपळ, वड किंवा उंबराचं रोप आत शिरलं असेल तर मूळ खालपर्यंत शोधून काढावं लागेल. वरचा पाला छाटून वर्ष-दोन वर्षांत ते पुन्हा दगड सारायला लागतं. फक्त माथा गेला असेल तर गुरं, वानरं आणि गडग्यावरून उडी मारून जाणारी माणसं यांचं ते काम, आणि दुरुस्ती सोपी. तुमच्या दोन्ही जागी कारण वेगळं असू शकतं. ते कळल्याशिवाय तसाच गडगा पुन्हा घातला तर तो तसाच पडेल.

उकलताना सर्वांत मोठी काळजी फुरश्याची. कातळ, सडा (जांभ्याचं उघडं पठार) आणि दगडांचे ढीग हे फुरश्याचं घर. साप छोटा, फूट-दीड फुटाचा, दगडाच्या रंगात मिसळणारा. दगडाखाली बोटं घालून उचलायचा नाही, कधीच नाही. पहारीने आधी हलवायचा, मग त्याची पलीकडची कड वर करून तो आपल्याकडे उलथायचा, म्हणजे खाली जे काही असेल त्याच्या आणि आपल्यामध्ये दगडच उभा राहतो. विंचवासाठीही हीच रीत. जाड चामडी हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट हवेतच. दंश झालाच तर माणसाला चालवू नका, अवयव घट्ट आवळू नका, चिरा देऊ नका. ज्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे तिथे थेट न्या. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. कुठल्या रुग्णालयात ती आहे याची चौकशी काम सुरू होण्याआधीच करून ठेवायची.

काढलेला दगड ढीग करून टाकला की अर्धं काम बिघडलं. भिंतीच्या दोन्ही अंगांना पायथ्याशी दोन फूट जागा चालायला मोकळी सोडा. त्यापलीकडे पायाचे सर्वांत मोठे धोंडे, मग मोठे, मग मध्यम, आणि सर्वांत लांब माथ्याचे दगड, असे पट्टे करा. एकावर एक रचू नका, पसरून ठेवा. प्रत्येक दगडाचा चेहरा आणि लांबी उभ्या उभ्या दिसली पाहिजे. आरपार जाणारे लांब दगड वेगळे काढून त्यांच्यावर खडूने खूण करा, नाहीतर नवखा माणूस हमखास तेच दगड तोंडाला आडवे लावून संपवतो. भरतीच्या मुठीएवढ्या कपच्यांचे छोटे ढीग दर तीन-चार फुटांवर ठेवा. माती चाळून बाजूला. ती पुन्हा भिंतीत जाणार नाही.

दगडाची पारख जांभ्यात फार महत्त्वाची. सड्यावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेला काळपट-तांबडा धोंडा कठीण असतो. जमिनीखालून नुकता निघालेला जांभा मऊ असतो आणि हवेवर हळूहळू कडक होतो, म्हणून ताजा दगड लगेच पायात घालू नये. हातोडीचा हलका ठोका द्या: खणखणीत आवाज आला तर दगड घ्यावा, भद्द आवाज आला तर तो फार तर वरच्या थरांत. पिवळट-पांढरट, पहारीच्या टोकाने उकरला जाणारा दगड भरतीतही नको. दोन पावसात त्याचा चिखल होतो. जांभ्याची एक मोठी मदत म्हणजे त्याचा खडबडीत, छिद्राळ पृष्ठभाग. दगड दगडाला धरतो, घसरत नाही. देशावरच्या काळ्या दगडाच्या पौळीत, म्हणजे तिथल्या कुंपणभिंतीत, हे सुख नाही; तिथे गोटे गुळगुळीत, आणि ओढ्यातले गोल गोटे तर नवख्याने हाती धरूच नयेत.

बाहेरून दगड आणायचा झाला तर सड्यावरून उचलताना आधी पायाखालचा कातळ नीट झाडून बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बारसू, उक्षी, कशेळी, कुडोपीसारखी माहीत झालेली आणि अजून मातीखाली असलेलीही. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. कातळावर रेघ दिसली की तिथून दगड हलवायचा नाही, पहार लावायची नाही.

मापं. चार फूट उंचीच्या गडग्याला पायाशी अडीच फूट आणि माथ्याखाली दीड फूट रुंदी धरा. म्हणजे प्रत्येक बाजूला चार फुटांत सहा इंच आत झुकाव; दर फुटाला दीड इंच. तुमचा उभा राहिलेला जुना गडगा जरा वेगळ्या मापाचा असेल तर त्याचंच माप घ्या, कारण नवं काम त्याला जुळायला हवं. सरासरी रुंदी दोन फूट, उंची चार, म्हणजे धावत्या फुटाला ८ घनफूट भिंत. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा हिशोबाने साडेबारा फूट निघायला हवेत. पण ट्रॉलीतला दगड मोकळा पडलेला असतो आणि भिंतीत तो घट्ट बसतो, म्हणून १ ब्रास डबरात, म्हणजे न घडलेल्या दगडांत, १० फूट गडगा धरावा. माथ्याचे दगड वेगळे. साधारण सहावा हिस्सा भरती लागते. जुना दगड सगळा परत वापरला तरी कमी पडते ती भरतीच, कारण जुनी भरती बरीचशी मातीत गेलेली असते. आधीच अर्धी ट्रॉली कपची आणून ठेवा.

साधनं थोडी: पहार, टिकाव, फावडं, घमेली, दोन किलोचा हातोडा, ओळंबा, पाण्याची पातळी बघायची नळी, नायलॉनची दोरी, आणि दगड फोडताना डोळ्यांना चष्मा. याशिवाय दोन साचे करून घ्या. बांबूची किंवा रिपांची चौकट, खाली अडीच फूट, वर दीड फूट, उंची चार फूट. वरच्या आडव्या रिपेच्या बरोबर मध्यावरून ओळंबा सोडायचा आणि खालच्या रिपेच्या मध्यावर खूण करायची. ओळंबा खुणेवर आला की साचा सरळ. दोन साच्यांमध्ये दोन्ही बाजूंना दोरी ताणायची आणि थरागणिक वर न्यायची. मधला भाग भरायचा असेल तर एका बाजूला साच्याऐवजी जुन्या भिंतीतच खिळा अडकवून दोरी बांधता येते. दगड दोरीला टेकता कामा नये. दोरीच्या जाडीएवढी फट राहू द्या. एक दगड दोरीला चिकटला की तिला बाहेर ढकलतो, आणि पुढचे सगळे दगड त्या ढकललेल्या दोरीचं ऐकतात. भिंतीला मध्येच फुगवटा येतो तो बहुतेक वेळा असा.

उभ्या राहिलेल्या जुन्या टोकांशी फार लोक चुकतात. पडलेल्या खिंडारात नवी भिंत घालून ती दोन्हीकडे जुन्याला नुसती टेकवली, तर दोन उभे सांधे तयार होतात आणि भिंत तिथे पुन्हा सुटते. जुनी टोकं दोन्हीकडे पायऱ्यापायऱ्यांनी मागे उकला, निदान दीड-दोन फूट, सुटा किंवा हलणारा प्रत्येक दगड काढेपर्यंत. नवा थर त्या पायरीवर जाऊन बसला पाहिजे. खिंडार सहा फुटांचं असलं तर काम दहा फुटांचं धरायचं.

पाया. कातळ वर असेल तर तो खराट्याने साफ करून थेट त्यावर घालायचं. कातळ कललेला असेल तर टिकावाने पायऱ्या पाडून सपाट बैठक करा. मातीत असाल तर पायाच्या रुंदीपेक्षा चार इंच जास्त रुंद चर, घट्ट तांबडी जमीन लागेपर्यंत, साधारण नऊ इंच ते एक फूट. खालची माती ठोकून घट्ट करा. चरात खडी-वाळू पसरू नका, दगड जमिनीवर बसू दे. सर्वांत मोठे धोंडे इथेच. चढावर घालताना खालच्या टोकाकडून सुरुवात करायची आणि थर जमिनीच्या उताराने न नेता पाण्याच्या पातळीत ठेवायचे. उताराच्या कलाने नेलेले थर वर्षभर हळूहळू खाली सरकत राहतात.

आता दगड बसवणं. दगड हातात घेतला की पाच गोष्टी बघायच्या, आणि पहिल्या दिवशी त्या मोठ्याने म्हणायच्या. एक, लांबी आत, तोंड बाहेर. मोठा चेहरा दिसावा म्हणून लांब दगड भिंतीच्या लांबीला आडवा लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो; तसा दगड चार-पाच इंचच आत जातो आणि पहिला बाहेर पडतो. दोन, खालच्या सांध्यावर दगड: एकावर दोन, दोनांवर एक. तीन, वरची बाजू शक्य तितकी सपाट, म्हणजे पुढच्याला बैठक मिळते. ती आत झुकलेली असेल तर पाऊस थेट पोटात शिरतो. चार, शेजारच्या दगडाला अंगाने टेकलेला हवा, टोकाने नाही. पाच, हलतो का? हलत असेल तर आधी फिरवून, उलटा करून बघा. तरी हलला तर मागून, आतल्या बाजूने कपची मारा. समोरून कपची ठोकली की काम झटपट होतं. पण उन्हापावसाने दगड जरा हलले की ती गळून पडते आणि दगड पुन्हा मोकळा होतो. समोरून कपच्या भरलेली भिंत दिसली की समजावं, मागे कोणी हात घातलेला नाही.

उचललेला दगड शक्यतो परत ठेवायचा नाही, असा जुन्या लोकांचा शिरस्ता. त्यामागे हट्ट नाही. उचलण्याआधी डोळ्याने जागा आणि दगड जुळवायची सवय लागावी, पाठ वाचावी, म्हणून. नवख्याने तीन वेळा बदलला तरी चालेल, दहा वेळा नको.

भरतीबद्दल मी आग्रही आहे, कारण पडलेल्या बहुतेक गडग्यांत दोष तिथेच निघतो. प्रत्येक थर झाला की, पुढचा सुरू करण्याआधी, मधली पोकळी हाताने भरायची. एकेक कपची, कोनदार, आजूबाजूच्या दगडांना अडकेल अशी. घमेल्याने ओतलेली भरती भरल्यासारखी दिसते, पण तिचे खडे सुटे असतात. पाऊस आणि थरथर यांनी ते खाली उतरतात आणि पाचरीसारखे दोन्ही तोंडांना बाहेर रेटतात. पोट निघतं ते इथून. गोल गोटे, मुरूम आणि माती ही तिन्ही वर्ज्य. मातीने भरलेला गडगा पहिल्या वर्षी छान घट्ट वाटतो. कोकणातल्या पावसात ती माती पाणी धरून फुगते, नंतर वाहून जाते, वाळवी येते, मुळं येतात, आणि पोकळी मागे राहते. कोरड्या भिंतीचं मर्मच हे की पाणी तिच्यातून निघून जातं. याच कारणाने दर्शनी फटींना सिमेंट भरणं आणि माथ्यावर सिमेंटचा लेप देणं मला मान्य नाही. पाणी कोंडतं, आतली हालचाल दिसेनाशी होते, आणि भिंत एकेका दगडाने सूचना देत पडण्याऐवजी लांबच्या लांब एकदम पडते.

आरपार दगड दोन फूट उंचीवर, दर तीन फुटांना एक. तिथे भिंतीची रुंदी दोन फूट असते, तेव्हा दगड निदान दोन फूट लांब हवा. दोन्हीकडे एखादा इंच बाहेर आला तरी बिघडत नाही. दोन फूट लांब, नऊ इंच रुंद, सहा इंच जाड असा जांभा ४५ किलोच्या आसपास भरतो. तो दोघांनीच उचलायचा. त्याच्याखालची भरती गच्च झालेली असली पाहिजे, नाहीतर दगड दोन टोकांवर लोंबकळतो आणि मध्ये मोडतो. एवढे लांब दगड सड्यावर सहसा मिळत नाहीत. चिऱ्याच्या खाणीत लांब चिरे कापून मागता येतात. तेही नसतील तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड फुटाचे दगड एकमेकांना शेजारून ओलांडतील असे घाला आणि त्यांच्यावर एक वजनदार सपाट धोंडा ठेवा. आरपार दगडाएवढं ते भक्कम नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

वर जाताना दगड लहान होत जातात आणि हात सैल सुटतो. वरचा फूटभर भाग घाईत लहान दगडांनी संपवला की माथ्याला बैठक मिळत नाही. माथ्याचे दगड पूर्ण रुंदीवर बसणारे, जड, आणि कडेवर उभे, एकमेकांना घट्ट टेकवून. शेवटी मधल्या फटींत पाचर ठोकून ओळ आवळायची. बेडं किंवा कवाडी, म्हणजे आत-बाहेर जायची वाट असेल तिथे भिंत उघडी संपते. तिथे एक दगड लांबीला, पुढचा रुंदीला असे आलटून पालटून घाला आणि सर्वांत चांगले चौकोनी दगड त्यासाठी आधीच राखून ठेवा.

पाणी जिथे अडलं होतं तिथे तळात फूटभर रुंद आणि तेवढीच उंच मोरी ठेवा. वरचं छत आरपार जाणाऱ्या लांब दगडांचं, प्रत्येक दगड दोन्हीकडे सहा इंच टेकलेला. मोरीतून पडणारं पाणी पायथा उकरतं, म्हणून खालच्या अंगाला दोन-तीन फूट दगड उभे रोवून फरसबंदी करा.

हे सगळं मोकळ्या गडग्यासाठी. मजगीच्या (उतारावरच्या पायऱ्यांच्या शेताच्या) पाळीसारखी, जिला मागून माती रेटते ती भिंत ही वेगळी बाब. तिला पाया उंचीच्या निम्म्याहून कमी नको, झुकाव बराच जास्त हवा, आणि मागे मातीआधी दगडांच्या भरतीचा जाड पट्टा हवा, म्हणजे पाणी उतरून जाईल. तीन फुटांवरची अशी भिंत शिकण्याच्या कामात घेऊ नका.

आता मे महिन्यातले दोन दिवस.

दिवस तापतात, म्हणून सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते साडेसहा. एका जाणत्यामागे आठ शिकणारे, त्याहून जास्त नको. चार जोड्या, जोडीतला एक या तोंडाला, दुसरा समोरच्या तोंडाला, आणि दोघांनी थर सारखा वर न्यायचा. प्रत्येक जोडीकडे तीन फूट, एकूण १२ फूट. म्हणजे एक ब्रासच्या वर दगड, त्यात बराचसा तुमच्याच खिंडारातला. दोन दिवसांत १२ फूट पूर्ण झालं तर उत्तम गती. आठ फूटच झालं तरी हरकत नाही. घाईने उभं केलेलं काम शिकणाऱ्याच्या हाताला चुकीची सवय लावून जातं. पहिली सकाळ पूर्ण उकलण्यात आणि दगड लावण्यात जाऊ दे. लोकांना बांधायची घाई असते, त्यांना थांबवा.

दाखवण्यासाठी जाणत्याने आदल्या आठवड्यात तीन तुकडे तयार ठेवावेत. पहिला, उघडा छेद: तीन-चार फूट भिंत, एक टोक पायऱ्यापायऱ्यांनी उघडं सोडलेलं, म्हणजे लांबी आत कशी गेली, भरती कशी बसली, आरपार दगड कुठे आहे, सगळं बाजूने दिसतं. बोलण्यात अर्धा तास जातो ते इथे पाच मिनिटांत कळतं, आणि हात आत घालून चाचपता येतं. दुसरा, चुकीची भिंत: दोन फूट उंच, तीन फूट लांब, लांब दगड तोंडाला आडवे, सांधे एकाखाली एक, भरती ओतलेली, समोरून कपच्या. बाहेरून ती शक्य तितकी देखणी करा. तिसरा, त्याच मापाची बरोबर घातलेली भिंत. शिकणाऱ्यांना दोन्ही दाखवून विचारा, कोणती चांगली? पुष्कळदा बोट चुकीच्या भिंतीकडे जातं.

मग पहार घेऊन दोन्हींच्या तळाच्या थरातला मधला एकेक दगड काढायचा. सगळे भिंतीच्या टोकाच्या बाजूला, दहा फूट लांब उभे. समोर कोणी नाही. चुकीच्या भिंतीत वरचं तोंड घसरत खाली येतं. बरोबर घातलेल्या भिंतीत फार तर एखाद-दुसरा दगड सुटतो, बाकीचे एकमेकांवर कमान धरून थांबतात आणि खाली भोक राहतं. दोन फुटांपेक्षा उंच भिंतीवर हा प्रयोग करू नका. दुसरा सोपा प्रयोग पाण्याचा: फूटभर उंचीचे दोन लहान तुकडे, एक कपचीने भरलेला, एक लाल मातीने, आणि दोन्हींवर चार-चार बादल्या पाणी. काय वाहून आलं ते जमिनीवरच दिसतं.

शिकवताना हात आवरणं सर्वांत कठीण. शिकणाऱ्याने लावलेला चुकीचा दगड जाणत्याने स्वतः काढून बरोबर लावून दिला तर शिकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. बोट ठेवून विचारा: याची शेपटी, म्हणजे आतलं टोक, कुठे आहे? खालचा सांधा झाकला का? उत्तर त्याला देऊ दे, दगड त्याला काढू दे. दर दोन तासांनी काम थांबवून जोड्यांनी शेजारच्या जोडीचा भाग तपासायचा. दुसऱ्याची चूक आधी दिसते, मग आपली. जोडीत एकाने तोंड आणि दुसऱ्याने भरती अशी वाटणी झालीच, तर दुसऱ्या दिवशी ती उलटी करा. भरती हे मुलांचं आणि बायकांचं हलकं काम, असं समजून वाटणी होते. तसं होऊ देऊ नका. भरतीला सर्वांत चिकट हात हवा.

बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या भिंतीपासून वेगळं बसवा. त्यांना नारळाएवढे आणि त्याहून लहान दगड देऊन गुडघ्याएवढी भिंत घालू द्या. नियम तेच पाच, साचा छोटा. कोणीही दगड फेकायचा नाही, छातीच्या वर उचलायचा नाही, आणि एकमेकांच्या बोटांजवळ हातोडा नाही.

गावात जुना गडगा घालणारा गडी अजून असेल, तर त्याला मान देऊन बोलवा, मजुरी द्या, आणि त्याची रीत या मजकुराशी जुळली नाही तर आधी त्याची रीत समजून घ्या. त्या जागेचा दगड आणि पाऊस त्याला माहीत असतो. कोरड्या दगडी बांधकामाची कला २०१८मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली, ती युरोपातल्या आठ देशांच्या नावाने; २०२४मध्ये त्यांची संख्या तेरा झाली. सिंधुदुर्गातल्या गडग्याचं ज्ञान त्याच जातीचं आहे, फक्त ते लिहिलेलं नाही. त्या माणसाचं बोलणं आणि हात, दोन्ही चित्रित करून ठेवा. तो वापरत असलेले शब्दही लिहून घ्या.

काम संपल्यावर तपासणी अशी: दोन्ही तोंडांवर तळहाताने दाबत जा, हलणारा दगड सापडला की खडूने खूण. दहा फूट मागे सरून तिरक्या उन्हात सांधे बघा. दोन थरांहून लांब उभी रेघ नको. पातळ सळई फटीतून आत सारून बघा, सहा-सात इंचांत ती अडली पाहिजे. सरळ आत गेली तर तिथे भरती नाही, आणि तेवढा भाग उकलायला हवा. खुणा केलेले दगड शिकणाऱ्यांनीच पुन्हा बसवायचे.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी पडल्या की छत्री घेऊन पाऊस चालू असतानाच एक फेरी मारा. पाणी कुठून येतं, मोरीतून सुटतं का, कुठे तुंबतं, हे त्या वेळीच कळतं. पहिल्या पावसाळ्यात भिंत अर्धा-एक इंच बसते. माथ्याच्या पाचरी सैल होतात. दसऱ्याच्या सुमारास त्या पुन्हा ठोकून आवळा आणि दर वर्षी त्याच वेळी फटींतली पिंपळाची, उंबराची रोपं बोटभर असतानाच मुळासकट उपटा.